कुलपात कुलूप

वसमतला दोन परिषदा हायेत.
एक नगराची, एक जिल्ह्याची.
मी जिल्ह्याचा. किशन ढगे, शिपाई, प्रशालेवर.
गौसभाई नगराचा, चौकीदार.
आमच्या दोघांमधी एक फाटक हाय
आन् फाटकामागं मैदान.

मैदान कुणाचं, ते मला विचारू नका.
मोजणीवाला दोनदा आला व्हता.
पहिल्यांदा पिंपळापासून मोजलं,
दुसऱ्यांदा हापशापासून,
आन् दोन्ही खेपेला रेघ गेली
खो-खोच्या दोन खांबांमधून.
एक खांब शाळेचा, एक नगरपरिषदेचा.
पाटीत बसलेल्या पोरी निम्म्या आमच्या हद्दीत.
मधली दीक्षा वाघमारे तर
डावा गुडघा इकडं, उजवा तिकडं.
ती उठून पळती तेव्हा
कुणी सांगायचं तिला,
बाई, इथून पुढं परवानगी लागती?

बोअर शाळेनं पाडला, टाकी त्यांनी बांधली.
दोघांत पाइप कुणी टाकायचा, हे ठरायचं हाय.
दिव्याचा खांब त्यांचा, मीटर आमचं,
म्हणून अंधार दोघांचा.
चालायचा ट्रॅक केला लाल फरशीचा,
तो नेमका लांब उडीच्या खड्ड्यावरून नेला.
पहाटं दंताळे डॉक्टर वाळूत रुतले.
हे काय हो, म्हणाले.
मी म्हणलं, दीड फूट, साहेब.
पोरी चौदा मारतेत.

पुयड सर लिहितेत, मैदान शाळेच्या नियमित वापरात आहे.
तिकडून येतं, मैदान सार्वजनिक आहे.
वरून येतं, उभयतांनी समन्वयाने मार्ग काढावा.
दोन्हीकडची पत्रं मीच नेतो, सायकलवर.
समन्वय मला कुठंच भेटला न्हाई.
बदली झाली असंल त्याची.

एकदा बैठकीत निजामाच्या काळचा कागद निघाला, उर्दूतला.
म्हाताऱ्या ख्वाजा मास्तरला रिक्षातून आणलं.
त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं
आन् सांगितलं:
पोलिसांचे घोडे फिरवायची जागा.
सगळे गप.
घोड्यांच्या वतीनं कुणीच आलं नव्हतं.

मग ठरलं, दोन कुलपं.
दोघांच्या संमतीबिगर फाटक उघडायचं न्हाई.
एक किल्ली माझ्या करदोड्याला, एक गौसभाईच्या खिशात,
आन् संमती साहेबांच्या टेबलावर, पेपरवेटखाली.

फाल्गुनात गावभर शिजत्या हळदीचा वास.
पोरी मोंढ्यात जाऊन खेळू लागल्या,
हळदीच्या राशींमधून वळणं घेत,
खांब म्हणून दोन पोती उभी करून.
हमाल हाकलायचे.
पिवळ्या टाचा घेऊन वर्गात यायच्या.
मी फरशी पुसायचो आन् काही बोलायचो न्हाई.
तमन्नाचा पाय सुतळीत अडकून मुरगळला
तरी मी काही बोललो न्हाई.

बोलला गौसभाई.
रात्री फाटकापाशी, बिडी विझवून.
किशन, तुझं कुलूप साखळीत नको घालू.
माझ्या कुलपात घाल.

मला आधी कळलंच न्हाई.
त्यानं हातात घेऊन दाखवलं:
साखळीचं एक टोक त्याच्या कुलपात,
दुसरं माझ्या,
आन् कुलपात कुलूप.
आता कुणाचंबी एक उघडा,
साखळी सुटती.

सोमवारी दोन्हीकडचे साहेब आले.
बोटानं मोजली कुलपं. एक. दोन.
बरोबर, म्हणाले, आन् रजिस्टरवर सही केली.

आता पहाटं पाचाला फाटक उघडतं.
कधी त्याच्या किल्लीनं, कधी माझ्या.
कुणी उघडलं, ते आम्ही इचारत न्हाई.
तमन्ना लंगडत येती, शिट्टी तिच्याकडं.
आमच्या हापिसांत सगळे खो घालतेत,
इथं पोरी खो देतेत,
आन् दिलेला खो
ज्याला मिळतो त्यानं उठायचंच असतं,
मग ते कुठल्याबी परिषदेत बसलेलं असो.

काल नवं पत्र आलं.
वाद मिटेस्तोवर तहसीलचं तिसरं कुलूप लागणार.
मी गौसभाईला वाचून दाखवलं.
त्यानं साखळी हातात घेतली, वजन केल्यासारखी,
आन् म्हणाला, येऊ दे.
अजून एक बसतंय मधी.